अंगठ्याचं भोक आणि चाळीस फूट तेल

भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर नानांनी सवयीनं माझ्या हातातली बॅग घेतली आणि दोन पावलांवर थांबून खाली ठेवली. लोको शेडमध्ये बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, वजनाला तो बिचकत नाही. पण या बॅगेत सगळं वजन एकाच जागी बसलं होतं आणि आतल्या आत गडगडत होतं, हे त्यांच्या मनगटाला लगेच कळलं.

"काय गं माय, तोफेचा गोळा आणला का?"

"बोलिंगचा बॉल आहे नाना. चौदा पौंडाचा."

"म्हणजे सव्वासहाच्या वर," असं म्हणून त्यांनी बॅग पुन्हा उचलली. पौंडाचे किलो त्यांच्या डोक्यात आपोआप होतात.

दिवाळीची सुट्टी होती. बॉल पुण्यातच ठेवून यायला हवा होता, घरी तो काय कामाचा? पण वर्षभर तो माझ्याशी नीट वागत नव्हता आणि घरातलं माणूस आजारी असावं तसा तो मला मागे सोडवत नव्हता. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्रभर मी ती बॅग पायाशी दोन चपलांच्या मध्ये अडकवून झोपले.

आजाराचं मी माझ्यापुरतं निदान केलेलं होतं: तेल.

बोलिंगची लेन, म्हणजे बॉल सोडायची लांब पट्टी, बाहेरून बघणाऱ्याला चकचकीत फरशी वाटते. बॉल सोडताना ओलांडायची नसते त्या रेघेपासून, फाउल लाइनपासून, टोकाला मांडलेल्या बाटलीसारख्या पिनांतल्या पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब, साडेएकेचाळीस इंच रुंद. रुंदीत ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या पट्ट्या. पूर्वी त्या खरोखर मेपल आणि पाइनच्या फळ्या असत. आता बऱ्याच ठिकाणी कृत्रिम पत्र्यावर त्या नुसत्या छापलेल्या असतात, पण मोजायची भाषा तीच राहिली. या लेनवर एक मशीन तेल अंथरत जातं. साधारण पहिले चाळीस फूट तेल, पुढचे वीस फूट कोरडे. मुळात हे तेल फळ्या झिजू नयेत म्हणून लावत. आता सगळा खेळच त्या तेलावर उभा आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

ते सगळीकडे सारखंही नसतं. रोजच्या खेळाच्या लेनवर मध्यभागी दाट आणि दोन्ही कडांना विरळ असं अंथरतात. मधलं तेल कडेच्या दहापटसुद्धा असतं. त्यामुळे बॉल जरा बाहेर गेला तर कोरडी जागा त्याला पकडून आत आणते, आणि आत राहिला तर तेल त्याला वळू देत नाही, धरून ठेवतं. चूक पोटात घालणारी लेन. स्पर्धेच्या लेनवर मात्र हे प्रमाण तीनास एकच्या आत ठेवतात. तिथे दोन बोर्डांची चूकही अंगावर येते. लांबीसुद्धा बदलते, ३५ फुटांपासून ४५ फुटांपर्यंत. खेळाडूंचा एक जुना हिशेब आहे: तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा, जो आकडा येईल, कडेपासून मोजत त्या बोर्डाच्या आसपास बॉल वळायला लागला पाहिजे. ४१ फुटांचं तेल असेल तर दहावा बोर्ड. हिशेब ढोबळ आहे, पण अनोळखी लेनवर पहिले दोन बॉल टाकायला तेवढा पुरतो.

आणि वळायला का हवा? सरळ टाकलेला बॉल पिनांवर आपटतो आणि स्वतःच बाजूला फेकला जातो. तोच उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या फटीत, साडेसतराव्या बोर्डावर, सुमारे सहा अंशांचा कोन करून शिरला, तर पिना एकमेकींना घेऊन पडतात. सहा अंश सरळ बॉलला मिळत नाहीत. त्यासाठी आधी तेलावर घसरणं, मग कोरड्यात पकडणं, मग पुढे लोळत जाणं, या तिन्ही गोष्टी साठ फुटांत व्हाव्या लागतात. घसरणं लवकर संपलं तर बॉलची ताकद पिनांआधीच खर्च होते. उशिरा संपलं तर वळायला जागा उरत नाही.

माझा बॉल एका खेळात लवकर वळायचा आणि दुसऱ्यात वळायचाच नाही. एकाच संध्याकाळी, एकाच लेनवर. म्हणून मी तेलाला धरलं होतं. आज कमी लावलं असेल, आज ते पुढे वाहून गेलं असेल, शेजारच्या लेनवरच्या मुलांनी ते खाल्लं असेल. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, हीच अडचण. तेल खरोखरच दर दहा-वीस बॉलला बदलतं. प्रत्येक बॉल थोडं तेल अंगावर घेऊन जातो, थोडं पुढे ओढतो. त्यामुळे तेलावर ठेवलेला आरोप कधीच खोटा ठरत नाही. त्या वर्षात मी बॉलचं अंग तीनदा घासून घेतलं आणि दुसरा एक बॉलही विकत घेतला. फरक पडला नाही.

फराळ झाल्यावर नानांनी बॉल ओट्यावर काढायला लावला. जुनी चुंबळ शोधून आणली आणि त्यावर बॉल बसवला. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तीन भोकांकडे कितीतरी वेळ बघत बसले. मी तेलाबद्दल सांगत होते. ते ऐकत होते की नाही कळेना.

"घाल हात," ते म्हणाले.

दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत आत, अंगठा पूर्ण. मी बॉल उचलला, लेनवर सोडताना झुलवते तसा हात झुलवला.

"बोटं पांढरी पडून राह्यली तुझी," नाना म्हणाले. "तू याला धरून राह्यली. सोडून नाही राह्यली."

तो बॉल ज्या दुकानात मी भोकं पाडून घेतला, तिथे सकाळी दुकान उघडल्या उघडल्या माझ्या अंगठ्याचं माप घेतलं होतं, एसीत, मी अजून एकही बॉल टाकलेला नसताना. थंडीत अंगठा आकसतो. दोन खेळ झाले की तो फुगतो. म्हणजे सुरुवातीला भोक बरोबर, मग घट्ट. घट्ट झालं की अंगठा उशिरा सुटतो आणि बॉल वर उचलला जातो. म्हणून दुकानातल्या माणसानं सुचवल्याप्रमाणे मी पुढच्या वेळी भोक मोठं करून घेतलं. मग पहिल्या खेळात सैल. सैल असलं की बॉल निसटू नये म्हणून हात आपोआप आवळतो, आणि आवळलेल्या हातातून दोन बॉल कधीच सारखे सुटत नाहीत. यासाठी भोकात पातळ टेपचे तुकडे चिकटवायचे आणि अंगठा फुगेल तसे एकेक काढायचे, ही साधी रीत आहे. मी टेप लावत होतेही. पण बारीक बारीक फरकांनी तो बॉल माझ्या हातून रोज वेगळा सुटत होता, आणि त्या वेगळेपणाचं खापर मी तेलावर फोडत होते. स्वतःचा हात स्थिर नसेल तर लेन वाचायची कशी, हा प्रश्न वर्षभरात मला एकदाही पडला नव्हता.

नाना आत गेले आणि आईची काजळाची डबी घेऊन आले.

वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना 'ब्लू मॅचिंग' हा शब्द ठाऊक असतो. बेअरिंगमध्ये शाफ्ट नीट बसतो की नाही हे पाहायला शाफ्टला निळा रंग अगदी पातळ फासतात, आत बसवून फिरवतात आणि बाहेर काढतात. बेअरिंगवर जिथे निळा डाग उमटतो ती जागा उंच. तेवढीच खरवडायची. पुन्हा निळा, पुन्हा खरवडणं. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत. नानांच्या तरुणपणी व्हाइट मेटल या मऊ धातूची बेअरिंग अशीच हातानं बसवत, आणि या कामात त्यांचा हात चांगला होता असं त्यांचे सोबती अजून सांगतात. निळ्या रंगाची त्यांची ट्यूब वाळून दगड झाली होती म्हणून काजळ.

त्यांनी माझ्या अंगठ्याला काजळ फासलं. अगदी पुसट, बाळाला तीट लावतात त्याहून कमी. मी अंगठा भोकात घातला, बॉल उचलला, एकदा झुलवला, अंगठा बाहेर काढला. नानांनी टॉर्च आत धरली. मीही वाकून पाहिलं. भोकाच्या आतल्या भिंतीवर दोनच ठिकाणी काळं उमटलं होतं: एक तोंडाशी, तळहाताच्या बाजूला, चंद्रकोरीसारखं, आणि दुसरं आत खोलवर समोरच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं. बाकी सगळी भिंत स्वच्छ. म्हणजे अंगठा त्या भोकात नुसत्या दोन बिंदूंवर टेकला होता, पाचर मारल्यासारखा. भोक गोल होतं आणि अंगठा गोल नसतो, तो चपटा असतो, हे इतकं उघड होतं की मला बोलवेना.

अंगठ्याचं भोक थेट बॉलमध्ये पाडत नाहीत. आधी सव्वा इंचाचं मोठं भोक पाडून त्यात युरेथेन नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची भरीव नळकांडी चिकटवतात आणि तिच्यात अंगठ्याचं भोक पाडतात. हिला स्लग म्हणतात. ती मऊसर असते, घासली की बुकणी पडते. नानांनी पेन्सिलीएवढ्या काडीवर पॉलिश पेपर गुंडाळला आणि काळे डाग घासायला घेतले. चार-पाच हात मारायचे, फुंकर घालायची, कॉटन वेस्टनं पुसायचं, पुन्हा काजळ. माझा अंगठा त्या दुपारी किती वेळा काळा झाला मोजलं नाही. तिसऱ्या खेपेला डाग लांबट झाले. सातव्या-आठव्याला पूर्ण भिंतीवर राखेसारखी पुसट छटा आली. शेवटी त्यांनी भोकाच्या तोंडाची धार मोडली, तळहाताच्या बाजूला जरा जास्त. आई मधे एकदा येऊन डबीत डोकावून गेली. काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी नानांनी बाजारातून नवीन डबी आणली.

"आता फुगला तरी सगळीकडून सारखा फुगेल," नाना म्हणाले. "आता टेप लाव."

संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला तेलाबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ते दुपारी ऐकतच होते, फक्त त्यांचा क्रम वेगळा होता.

रुळावर तेल सांडलं किंवा पहिल्या पावसाची ओल आली की इंजिनाचं चाक जागेवर गरगरतं. चढावर तर हमखास. म्हणून इंजिनाला वाळूच्या पेट्या असतात. ड्रायव्हर चाकापुढे रुळावर वाळू सोडतो, चाक धरतं, गाडी निघते. मी त्यांना सांगितलं की आम्ही वाळू रुळावर टाकत नाही, चाकालाच लावतो. बॉलचं अंग घासून खरबरीत करतात. त्यावर डोळ्याला न दिसणारी टोकं तयार होतात आणि ती तेलाच्या थरातून खाली लेनपर्यंत पोचतात. घासायच्या चकत्यांना नंबर असतात: ५००, १०००, २०००, ४०००. नंबर लहान तितकं अंग खरबरीत, आणि तितकी बॉलची पकड लवकर. पॉलिश केलेला बॉल लांबपर्यंत घसरत जातो. नानांना नंबरांची ओळख करून द्यावी लागली नाही, पॉलिश पेपरात त्यांचं आयुष्य गेलंय.

बोलिंगच्या जगात चर्चा सगळी बॉलच्या पोटाची चालते. आत वजनाचा गोळा असतो, कोअर, चित्रविचित्र आकारांचा, आणि जाहिरातीत त्याचेच कापलेले फोटो असतात. पण युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसनं बॉलच्या चालीचा जो मोठा अभ्यास केला, त्यात सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो पृष्ठभागाच्या या सूक्ष्म खरबरीतपणाचा. मला हे पटतं, कारण माझ्या हातानं मी ते पाहिलंय. एकच बॉल ५०० वर घासून दाट तेलात टाका आणि ४००० वर आणून टाका, दोन वेगळे बॉल वाटतात. घासायच्या चकत्यांत जे काम होतं त्यासाठी लोक नवा बॉल घेतात, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे बॉल बाहेरून येतो, महाग पडतो, एकेका बॉलसाठी मुलं महिनोन्‌महिने पैसे साठवतात.

आणि नेमका चुकीचा घेतात. मीही घेतला होता. माझा पहिला बॉल बिनचमक, खरबरीत अंगाचा, आत बेढब कोअर असलेला, दाट आणि लांब तेलासाठी बनवलेला. खेळत मात्र होते मॉलच्या लेनवर, जिथे तेल आधीच कमी आणि दिवसभर भाड्याच्या बॉलनी ते पुसलेलं. तिथे तो तिसाव्या फुटालाच वळायचा आणि पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्यात जीव उरायचा नाही. कोरड्या लेनवर चकचकीत, मोत्यासारखी चमक असलेल्या 'पर्ल' अंगाचा, साध्या कोअरचा बॉल हवा, किंवा सरळ युरेथेनच्या अंगाचा. सुटी पिन उडवायला तर प्लास्टिकचाच, तो तेल-कोरडं काही न मानता सरळ जातो. कुणी मला विचारलं तर मी सांगते: पहिला स्वतःचा बॉल प्लास्टिकचा घ्या, तुमच्या हाताच्या मापाचा. वर्षभर तो टाका. मग तेलाचं बोलू.

अंगाच्या या खेळाला मोठा इतिहास आहे. आधी बॉल लिग्नम व्हिटी नावाच्या कठीण लाकडाचे असत, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबराचे आले, १९६० च्या सुमारास पॉलिएस्टरचे, म्हणजे ज्यांना आपण प्लास्टिकचे म्हणतो ते. १९७३ साली डॉन मॅक्यून नावाच्या अमेरिकन खेळाडूनं पॉलिएस्टरचा बॉल मिथाइल इथाइल कीटोन या द्रावणात भिजवून त्याचं अंग मऊ केलं आणि त्या एका वर्षात व्यावसायिक स्पर्धांची सहा विजेतेपदं मिळवली. मऊ अंग लेनला धरतं, हे त्यानं ओळखलं. त्यानंतर कवच किती कडक असलं पाहिजे याचे नियम आले. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आणि नव्वदच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन, जे तेल नुसतं ढकलत नाही तर शोषूनही घेतं. मी हे सांगत असताना नानांनी मला थांबवलं. "त्यानं बॉल भिजवला कशात?" मी पुन्हा सांगितलं. "हुशार," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्या न पाहिलेल्या माणसाच्याच विचारात होते.

पोटाचं मात्र त्यांना लगेच कळलं नाही. मी लेनवरून काढलेला फोटो दाखवला. बॉल परत आला की त्याच्या अंगावर तेलाची वर्तुळं दिसतात. एकावर एक नाहीत, शेजारी शेजारी, पंख्यासारखी उघडत गेलेली, आणि दोन ठिकाणी एकत्र येऊन गाठ पडलेली. कोअर फिरण्याच्या अक्षावर सरळ न बसवता तिरका बसवला की बॉल पुढे जाताना तो अक्षच हळूहळू सरकतो. म्हणून प्रत्येक फेरीला बॉलची नवी पट्टी लेनला लागते.

नानांनी फोटो मोठा करून वर्तुळं मोजली. "म्हणजे दर फेरीला कोरडी बाजू रुळाला लागते."

हेच. भोकं कुठे पाडायची हे त्यासाठी ठरवतात. खेळाडूच्या हातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचं टोक बॉलच्या अंगावर शोधून काढतात. कंपनीनं कोअरच्या डोक्याशी एक ठिपका दिलेला असतो, त्यालाही पिनच म्हणतात. या दोन ठिपक्यांतलं अंतर किती ठेवायचं, त्यावर वर्तुळं किती उघडतील हे ठरतं. बॉलचा घेर सुमारे २७ इंच, त्याचा चौथा हिस्सा पावणेसात. अंतर शून्य ठेवलं किंवा पावणेसात ठेवलं तर कोअर स्थिर राहतो आणि वर्तुळं जवळजवळ उघडतच नाहीत. त्याच्या मधोमध, तीन आणि तीन अष्टमांश इंचांवर, ती सगळ्यात जास्त उघडतात. दाट तेलासाठी त्या मध्याच्या जवळपास, कोरड्या लेनसाठी पाच इंच किंवा त्यापुढे. बाकी कोनांचा हिशेब आहे, बॉल लवकर वळावा की उशिरा, झटकन की सावकाश, त्यासाठी. पण तो बारीक कामाचा भाग झाला. पूर्वी तोल बदलायला एक चौथं भोकही पाडत. १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद झालं. जे भोक धरण्यासाठी वापरत नाही ते चालत नाही.

"मग आधी हे ठरवतात आणि नंतर हात बसवतात?" नानांनी विचारलं.

दुकानात कागदावर क्रम तसाच असतो. पिन, कोन, अंतर, सगळं आधी, आणि अंगठा शेवटी, गिऱ्हाईक घाईत असताना. नानांनी मान हलवली. रागावले नव्हते. कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे होतं, ते म्हणाले, ड्रॉइंग सुंदर असतं म्हणून फिटिंगकडे कुणी पाहत नाही.

भाऊबीजेला आम्ही यावलजवळ मामांकडे गेलो. बॉल सोबत होताच. अंगठा नीट सुटतोय का हे खऱ्या झोक्यात बघायचं होतं आणि घरात टाकायला जागा नव्हती. मामांच्या माजघरात कापूस पडला होता, भाव वाढेल या आशेनं ठेवलेला, छातीइतका ढीग, खोली पांढरी झालेली. मी काही बोलायच्या आत नाना त्या ढिगाकडे बघत होते.

मामांनी आधी बॉल हातात घेऊन उलटापालटा केला. तेल आहे का याला? तेल लागलं तर कापसाला डाग. मग त्यांनीच दोन सतरंज्या आणून ढिगावर अंथरल्या आणि वरून गोणपाट टाकलं. मी दाराच्या उंबऱ्यापासून चार पावलं घेतली आणि सोडला.

लेनवर बॉल पडल्याचा आवाज होतो. इथे काहीच झाला नाही. बॉल कापसात गेला आणि ढीग एकदा श्वास घेतल्यासारखा खाली बसला. त्या शांततेत मला पहिल्यांदा माझा अंगठा ऐकू आला. म्हणजे अंगठा भोकातून निघताना जो बारीकसा 'टप्' आवाज होतो तो. लेनवर गोंगाटात तो कधी कळलाच नव्हता. मी पुन्हा टाकला. पुन्हा 'टप्', त्याच जागी, बोटांच्या आधी. मामा बॉल काढून द्यायचे, मी टाकायचे. वीस-पंचवीस वेळा. मामांची नात दाराशी उभी राहून मोजत होती, आणि एकदा तिनं सांगितलं, "आता आवाज नाही आला." खरंच, त्या वेळी मी धरून ठेवला होता.

जेवताना मामींनी विचारलं, तेल कोणतं वापरतात, सरकीचं का? खान्देशी माणसाला हा प्रश्न पडणारच. तेल हा आमच्याकडचा जुना धंदा आहे, १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातूनच तर विप्रो सुरू झाली. मी सांगितलं की ते खनिज तेल असतं, खायचं नाही, आणि अख्ख्या लेनला वीस-तीस मिलिलीटर पुरतं. मामींनी लाकडी बडगीत ठेचलेल्या बामणोदच्या वांग्यांच्या भरताकडे पाहिलं. "एवढ्यात माझी फोडणी नाही होणार," त्या म्हणाल्या. आणि मग विचार करून, "पण तव्याला कांद्यानं पुसतो ना, तेवढंच असेल. तेवढ्यानंही भाकरी सुटते." मला इतकं नेमकं अजून कुणी सांगितलेलं नाही.

परतायच्या आदल्या दिवशी अजून एक काम केलं. रिॲक्टिव्ह बॉल तेल पितो, आणि पिऊन पिऊन थकतो. त्याला घाम काढावा लागतो. ऊन हा त्यावरचा उपाय नव्हे. आमच्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेला बॉल तडकू शकतो. भोकांवर चिकटपट्टी लावून मी बॉल बादलीत ठेवला, अंघोळीला लागतं त्याहून जरा जास्त गरम पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले. थोड्या वेळानं पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे तवंग आले. बाहेर काढून पुसला तरी अंगावर पुन्हा बारीक दव जमलं. वर्षभरातल्या सगळ्या लेनचं तेल. नाना कॉटन वेस्ट घेऊन शेजारी बसले आणि जमेल तसं पुसत राहिले, बोटांमध्ये चोळून बघत. "हलकं आहे," ते म्हणाले. "शिलाई मशीनचं असतं तसं."

पुण्यात पोचल्यावर पहिल्या शनिवारी मी फक्त खेळ बघितला. म्हणजे स्कोअर नाही, बॉल. पहिल्या खेळात तो दहाव्या बोर्डावरून नीट वळला. दुसऱ्या खेळाच्या मध्यावर एक टेप काढली. तिसऱ्यात तो जरा लवकर वळायला लागला, दोनदा, तिनदा, त्याच जागी. त्या वेळी मला खात्रीनं कळलं की हे तेल आहे. डाव्या बाजूचं तेल गेलं असतं तर वेगळं झालं असतं. हे माझ्या रेषेतलं तेल संपत होतं. मी पाय दोन बोर्ड डावीकडे घेतले, नजर एक बोर्ड, आणि तो पुन्हा आत शिरला. स्कोअर फार मोठा झाला नाही. पण त्या संध्याकाळी मला लेन दिसत होती.

या वर्षी नवा बॉल घ्यायचाय, दाट तेलासाठी, पिन चार इंचांवर. भोकं पाडणाऱ्याला द्यायचा कागद बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. नानांनी व्हर्निअरनं मापं घेऊन रेल्वेच्या जुन्या डायरीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवलाय, बाजूला अंगठ्याचा लंबगोल काढून. खाली एक ओळ आहे, दोनदा अधोरेखित केलेली: "अंगठा सकाळी मापू नये. चार गेम झाल्यावर मापावा."